जॅक जॉन्सन : टाळला गेलेला आणि टाळणारा

मुष्टियुद्धाशी माझा संबंध केवळ वाचनाचा. हातमोजे मी कधी चढवले नाहीत आणि चढवण्याची हिंमतही नाही. मुहम्मद अलीच्या लढतींची वर्णने वाचताना त्याच्या अर्धशतक आधीच्या एका माणसाचे नाव वारंवार समोर येई, आणि पुढे त्या नावानेच मला झपाटले. जॅक जॉन्सन, हेवीवेट गटातील पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. मी त्याचा भक्त झालो आणि भक्ताला शोभेल असेच वागलो. जॉन्सनशी लढण्याचे टाळणारा प्रत्येक गोरा मुष्टियोद्धा मी भित्रा ठरवून टाकला.

माझा एक मित्र तालमीच्या मातीत वाढलेला आहे. एका संध्याकाळी मी त्याला जॉन्सनची कथा मोठ्या आवेशाने सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी एवढेच विचारले की, हा पठ्ठ्या स्वतः गादीवर बसल्यावर त्याने जोडीच्या माणसांना झुंज दिली की नाही? मला उत्तर ठाऊक होते. मी विषय बदलला. त्या विषय बदलण्याची टोचणी राहून गेली, म्हणून हा लेख.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन या बंदराच्या गावी झाला. आईबाप दोघेही गुलामगिरीतून सुटलेले. शाळा थोडीफार झाली, मग गोदीवर हमाली. १९०१ साली गॅल्व्हस्टनमध्येच जो चॉयन्स्की नावाच्या मुरब्बी ज्यू मुष्टियोद्ध्याने त्याला तिसऱ्या फेरीत आडवे केले. टेक्सासमध्ये पैसे लावून होणारी मुष्टियुद्धे बेकायदा असल्याने पोलिसांनी जिंकणारा आणि हरणारा दोघांनाही पकडून तुरुंगात घातले. सुमारे तीन आठवडे ते आत होते आणि त्या काळात चॉयन्स्कीने आपल्याकडून हरलेल्या या पोराला बचावाचे धडे दिले. अंगावर येणारा ठोसा वाटेतच निकामी करण्याची जी कला पुढे जॉन्सनची ओळख ठरली, तिची शिकवणी कोठडीत झाली, हे मला फार गमतीचे वाटते.

१९०३ साली डेन्व्हर एड मार्टिनला हरवून तो कृष्णवर्णीयांचा हेवीवेट अजिंक्यवीर झाला. असे वेगळे पद असणे हीच त्या काळाची कहाणी आहे. खरे जगज्जेतेपद होते जिम जेफ्रीजकडे. जेफ्रीजने कृष्णवर्णीयांशी हात मिळवलाच नव्हता असे नाही. १८९८ साली, पद मिळण्यापूर्वी, तो वयाने थकलेल्या पीटर जॅक्सनशी लढला होता आणि जिंकला होता. पण १८९९ मध्ये पद हाती आले आणि त्याने वर्णाची रेघ ओढली. जॉन्सनची आव्हाने त्याने बाजूला सारली आणि १९०५ मध्ये तो अपराजित म्हणून निवृत्त झाला. त्या ‘अपराजित’ शब्दाच्या पोटात काय दडले आहे हे त्या वेळच्या क्रीडाप्रेमींनी विचारलेही नाही. तो शेतीत रमला आणि लोकांच्या मनात तो देवासारखा राहिला.

याच काळात जॉन्सन कोणाशी लढत होता? गोरे नामवंत दार उघडीनात, तेव्हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे पोटासाठी एकमेकांशीच लढत. जो जीनेटशी तर १९०५ आणि १९०६ या दोन वर्षांत त्याच्या कितीतरी झुंजी झाल्या. आणि २६ एप्रिल १९०६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी येथे त्याची गाठ पडली सॅम लँगफर्डशी. लँगफर्ड हा कॅनडातील नोव्हा स्कॉशियाचा, बुटका, लांब हातांचा आणि विलक्षण ताकदीचा. वजनाने तो जॉन्सनपेक्षा सुमारे तीस पौंडांनी कमी होता. पंधरा फेऱ्या चालल्या, जॉन्सनने त्याला जमिनीवरही लोळवले आणि निर्विवादपणे लढत जिंकली. पुढे लँगफर्डच्या व्यवस्थापकाने उलटीच कथा पसरवली की, त्या रात्री जॉन्सनच खाली पडला होता. लँगफर्डचे चाहते ती कथा आजही आवडीने सांगतात. चाहते कोणाचेही असोत, पुराव्याच्या बाबतीत ते सारखेच उदार असतात.

जेफ्रीजनंतर पद मार्व्हिन हार्टकडे आणि तेथून टॉमी बर्न्स या कॅनेडियनाकडे गेले. बर्न्स लहान चणीचा, पण व्यवहाराला पक्का. जॉन्सन त्याच्या मागे इंग्लंडला गेला, मग ऑस्ट्रेलियाला गेला. अखेर ह्यू मॅकिंटॉश या सिडनीच्या व्यावसायिकाने बर्न्सला तीस हजार डॉलर कबूल केले, तेव्हा तो तयार झाला. जॉन्सनच्या वाट्याला पाच हजार. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीच्या रशकटर्स बे येथील मैदानात लढत झाली. चौदाव्या फेरीत पोलिसांनी ती थांबवली आणि चित्रपटाचे कॅमेरेही बंद केले, गोरा जगज्जेता कोसळताना जगाला दिसू नये म्हणून.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. बर्न्सच्या तीस हजारांची थट्टा करणारे लेख मी भरपूर वाचले आहेत आणि मीही ती केली आहे. पण हिशेब मांडला तर काय दिसते? जेफ्रीजने एका पैशालाही रिंगमध्ये पाऊल टाकले नाही, तरी तो आदर्श. बर्न्सने भरपूर पैसे मागितले, पण तो समोर उभा राहिला, चौदा फेऱ्या मार खाल्ला आणि पद गमावले, तरी तो लोभी. जो लढला त्याची किंमत मोजली गेली आणि जो लढला नाही त्याची मोजायची वेळच आली नाही.

आता माझ्या मित्राचा प्रश्न. १९०८ च्या डिसेंबरपासून १९१५ च्या एप्रिलपर्यंत पद जॉन्सनकडे होते. लँगफर्ड तोवर अंगाने भरला होता आणि कसाने तळपत होता. जीनेट होता, सॅम मॅकव्ही होता. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबमध्ये लँगफर्डशी लढण्याचे जॉन्सनने मान्य केले होते. पद हाती येताच त्याने ते मोडले. क्लब देऊ करीत असलेली रक्कम जगज्जेत्याला अपुरी आहे, असे त्याचे म्हणणे. जीनेटने आव्हानामागून आव्हान दिले, त्यालाही दाद मिळाली नाही. त्याऐवजी १९०९ मध्ये तो आपल्याहून पुष्कळ हलक्या असलेल्या स्टॅन्ली केचेलशी लढला. केचेल हा मिडलवेट गटाचा विजेता. बाराव्या फेरीत त्याने जॉन्सनला खाली पाडले खरे, पण उठताक्षणीच जॉन्सनने त्याला असा ठोसा दिला की लढत तिथेच संपली.

मग आली ४ जुलै १९१०. गोऱ्या समाजाच्या आग्रहास्तव जेफ्रीज शेत सोडून परत आला. जवळजवळ सहा वर्षे तो रिंगमध्ये उतरला नव्हता आणि वाढलेले प्रचंड वजन त्याने मेहनतीने उतरवले होते. टेक्स रिकार्डने एक लाख एक हजार डॉलरची थैली ठेवली आणि पंच म्हणूनही तोच उभा राहिला. रीनो येथे पंधराव्या फेरीत जेफ्रीज आयुष्यात प्रथमच जमिनीवर गेला. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मेली, त्यांत कृष्णवर्णीयच अधिक. १९१२ मध्ये मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास कायद्याने बंदी झाली. एका माणसाच्या विजयाचे चित्र लोकांनी पाहू नये यासाठी संसदेला कायदा करावा लागला, ही गोष्ट जॉन्सनच्या बाजूने कोणत्याही वकिलाहून अधिक बोलते.

त्याच्या बाजूने आणखीही बोलता येते आणि मी पुष्कळ वर्षे तेच बोलत होतो. जॉन्सनच्या भक्तांचा युक्तिवाद असा, की दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला गोरा प्रेक्षक पैसे देत नव्हता. गोऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर हजारोंची थैली मिळत असेल, तर जॉन्सनने कमी पैशांत अधिक धोका का पत्करावा? शिवाय ज्याला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले, त्याने आत येताच सर्वांसाठी दार उघडे ठेवावे ही अपेक्षा त्याच्याकडूनच का? युक्तिवाद चांगला आहे. फक्त अडचण अशी की, अधिक पैसा आणि कमी धोका हाच हिशेब बर्न्सने मांडला तेव्हा त्याला मी लोभ म्हटले होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण मुष्टियुद्धाच्या इतिहासाला इतकी चपखल बसेल असे मला वाटले नव्हते.

आणि पैशाचा युक्तिवादही पुरता खरा नाही. जीनेट आणि मॅकव्ही १९०९ मध्ये पॅरिसला एकोणपन्नास फेऱ्या लढले आणि पॅरिसने ती लढत डोक्यावर घेतली. त्याच मॅकिंटॉशने १९११ आणि १९१२ मध्ये सिडनीत लँगफर्ड आणि मॅकव्ही यांच्या लढती भरवल्या. म्हणजे अशा लढतींना बाजारच नव्हता असे नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याइतका नव्हता, इतकेच. त्याहून कडू गोष्ट ही, की जॉन्सनच्या नकाराचा घाव जेफ्रीजच्या नकाराइतकाच खोल गेला. गोऱ्या आव्हानवीराला जॉन्सनने नाकारले असते तरी त्याला दुसऱ्या वाटा होत्या. लँगफर्डला एकच वाट होती आणि तिच्या तोंडाशी जॉन्सन उभा होता.

१९१२ नंतर मात्र जॉन्सनला मोकळेपणाने निवड करता येत होती असे म्हणवत नाही. त्या सप्टेंबरात त्याची गोरी पत्नी एटा हिने आत्महत्या केली. लौकरच त्याच्यावर स्त्रियांच्या व्यापाराविरुद्धच्या मान कायद्याखाली खटला उभा राहिला. खरा गुन्हा गोऱ्या स्त्रियांशी उघडपणे संसार करणे हा होता. १९१३ मध्ये केवळ गोऱ्या ज्यूरींनी त्याला दोषी ठरवले, एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली आणि तो कॅनडामार्गे युरोपला निसटला. १९ डिसेंबर १९१३ रोजी पॅरिसमध्ये अखेर तो एका कृष्णवर्णीयाशी पदासाठी लढला. हेवीवेटच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. पण समोर लँगफर्ड नव्हता, जीनेट नव्हता. होता बॅटलिंग जिम जॉन्सन, त्या साऱ्यांत दुय्यम मानला जाणारा. दहा फेऱ्यांनंतर बरोबरी झाली. जॉन्सनचा हात लढतीत मोडला होता, आणि चिडलेले प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागत होते. सव्वा वर्षाने, ५ एप्रिल १९१५ रोजी, हवानाच्या उन्हात जेस विलार्ड या धिप्पाड गोऱ्याने त्याला सव्विसाव्या फेरीत बाद केले. १९२० मध्ये तो मेक्सिकोच्या सरहद्दीवर स्वाधीन झाला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगून १९२१ मध्ये सुटला.

विलार्डने रेघ पुन्हा ओढली. त्याच्यानंतरचा जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ पदावर होता आणि ती सर्व वर्षे हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय आव्हानवीर दारात उभा होता. करार झाले, विल्सला आगाऊ रक्कमही मिळाली, लढत काही झाली नाही. डेम्प्सीचे चाहते सांगतात की दोष रिकार्डचा, दोष दंगलीच्या भीतीचा, दोष राजकारण्यांचा. असेलही. पण हेच चाहते लँगफर्डचा विषय निघाला की जॉन्सनसाठी असा एकही रिकार्ड शोधून देत नाहीत. तेथे दोष एकट्या जॉन्सनच्या काळजाचा. जॉन्सनचा भक्त म्हणून मला त्यांचा राग येतो. पण मीही त्यांचाच सोबती आहे, फक्त माझा बाब्या वेगळा आहे.

मित्राला मी अखेर सगळे सांगितले. मला वाटले होते तो जॉन्सनला मोडीत काढील. तसे झाले नाही. चेल्सीतल्या वजनांचा फरक त्याने पुन्हा विचारून घेतला आणि म्हणाला की, अशी जोड आमच्या आखाड्यात लागलीच नसती. त्यामुळे १९०६ च्या विजयाला मी देत होतो तेवढे मोल त्याने दिले नाही. पण जेफ्रीजला भित्रा म्हणायचे तर जॉन्सनलाही म्हण, नाहीतर दोघांनाही म्हणू नकोस, असे त्याचे मत पडले. मी दुसरा पर्याय घेतला आहे. जेफ्रीजविषयी तो शब्द वापरणे मला जड जात नव्हते, ते आता सोडले आहे. जॉन्सनविषयीचे प्रेम मात्र तसेच आहे.

उतारवयात जॉन्सन न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरील ह्यूबर्टच्या तमाशागृहात चार पैसे देणाऱ्यांना आपल्या गोष्टी सांगे. १९४४ मध्ये त्याच शहरात, हार्लेममधील एका खोलीत, एका वार्ताहराला सॅम लँगफर्ड सापडला. आंधळा, निर्धन, विस्मृतीत गेलेला. त्याच्यासाठी निधी जमवण्यात आला. जॉन्सन १० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात गेला. मान कायद्याखालील शिक्षेबद्दल त्याला माफी मिळाली ती २०१८ साली. लँगफर्ड १९५६ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे वारला. जॉन्सनशी त्याची एकच लढत झाली ते चेल्सी गाव तेथून काही मैलांवर आहे.