नकाशा, थापी आणि विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो आणि मेसकडे पळतो. मला त्यांचं जरा मागे पडलेलं एक काम सांगायचं आहे.

जन्म १८६१, गाव मुद्देनहळ्ळी. वडील लवकर गेले. बंगळुरूत शिकवण्या घेत बी.ए. केलं, मग शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ साली एल.सी.ई.ला पहिले! खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे (१९०३) तर सर्वांना ठाऊक आहेतच.

१९११ मध्ये कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. दगडी बांधकाम, सुरखी-चुन्यातलं. डिझाइन कितीही पक्कं असो, पाथरवटाचा हात चुकला किंवा चुना नीट मळला नाही की पाणी गळणारच!

म्हैसूरचे दिवाण असताना १९१७ साली त्यांनी बंगळुरूला इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४३ साली, ऐंशी ओलांडल्यावर, हातातलं कसब शिकवणारी ऑक्युपेशनल इन्स्टिट्यूट तिथेच उभी केली. १९५५ला भारतरत्न मिळालं. १९६२ला, शंभरी गाठून ते गेले.

आज रेडीमिक्स आलं, प्रीकास्ट आलं. पण बार बेंडर किंवा शटरिंगचा सुतार बहुतेक वेळा मुकादमाच्या शिव्या खातच शिकतो. मला वाटतं, उद्या टंचाई पडेल ती सिमेंटची नाही, तयार हातांची. तेव्हा सिव्हिलवाल्यांनो, साइट ट्रेनिंगला गेलात की रिपोर्ट कॉपी करण्याआधी गवंडीकाकांकडून ओळंबा धरायला शिका. आणि त्यांना ड्रॉइंग वाचायला शिकवा.