पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आणि समीक्षकांना न पटलेलं सहा मिनिटांचं गाणं

रेडिओवर साधारण तीन मिनिटांची गाणी वाजायची तो काळ. १९७५ मध्ये 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडने जवळपास सहा मिनिटांचं आणि ध्रुवपदच नसलेलं गाणं आणलं. नाव 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. इतकं लांब गाणं रेडिओवाले लावणार नाहीत, असं रेकॉर्ड कंपनीला वाटत होतं. काही समीक्षकांनाही ते रुचलं नाही. आज ते रॉक संगीतातल्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी एक आहे. ते लिहिणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीचा पहिला बँड मात्र आपल्या पाचगणीत तयार झाला होता.

फारोखचा फ्रेडी कसा झाला?

फ्रेडीचं मूळ नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील गुजरातमधून तिथे गेलेले पारशी. वडील ब्रिटिश सरकारच्या कार्यालयात रोखपाल होते. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी त्याला साधारण आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवलं. तिथे तो पियानो शिकला, मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि 'फ्रेडी' हे नावही तिथेच रुळलं.

१९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये स्थायिक झालं. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत 'क्वीन'ची सुरुवात झाली, पुढच्या वर्षी जॉन डिकन आला. बँडचं बोधचिन्ह फ्रेडीनेच काढलं आणि आडनाव बदलून 'मर्क्युरी' केलं.

या गाण्यात वेगळं काय होतं?

'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या अल्बममधलं हे गाणं संथ सुरात सुरू होतं. मग गिटार, मग ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ऑगस्ट १९७५ मध्ये काम सुरू झालं.

ऑपेराच्या भागात मोठा वाद्यवृंद किंवा गायकवृंद नाही. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवले आहेत. त्या वेळच्या टेपवर २४ ट्रॅक असत. ते भरले की अनेक आवाज एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत नवे आवाज भरायचे. संगणक नसताना हे सगळं हाताने करावं लागे. या एका भागालाच सुमारे तीन आठवडे लागले.

समीक्षकांनी काय म्हटलं?

सिंगल ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलं. त्याआधीच लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारी ते १४ वेळा वाजवलं आणि श्रोते दुकानांत विचारणा करू लागले. 'मेलडी मेकर' या साप्ताहिकाच्या समीक्षकाने मात्र हौशी ऑपेरा मंडळीच्या प्रयोगाशी तुलना करून त्याची खिल्ली उडवली. गाण्यात भपका जास्त, असा एकूण सूर होता.

श्रोत्यांनी वेगळा कौल दिला. गाणं ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९७७ च्या ब्रिट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश सिंगलचा मान 'प्रोकॉल हॅरम'च्या गाण्यासोबत विभागून मिळाला. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली स्टेडियमवरच्या 'लाइव्ह एड'मध्ये फ्रेडी पियानोशी बसला आणि त्याने सुरुवात याच गाण्याने केली.

शेवट कसा झाला?

एड्सची बाधा झालेल्यांकडे समाज संशयाने पाहत होता, असे ते दिवस होते. फ्रेडीने आजार अखेरपर्यंत खासगी ठेवला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदनातून तो जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, ४५ व्या वर्षी, त्याचं निधन झालं. आयुष्यभर त्याने आपल्या पारशी मुळांबद्दल जाहीरपणे फारसं बोलणं टाळलं होतं. अंत्यसंस्कार मात्र पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत झाले.

पुढच्या महिन्यात गाणं पुन्हा बाजारात आलं आणि आणखी पाच आठवडे अव्वल राहिलं. त्यातून मिळालेला पैसा एचआयव्हीग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेला. २००४ मध्ये गाण्याचा समावेश ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये झाला.

२०२३ मध्ये लंडनच्या लिलावात गाण्याचा हस्तलिखित मसुदा समोर आला. त्यावर आधी 'मंगोलियन' असं लिहून ते खोडलं होतं आणि 'बोहेमियन' केलं होतं. गाण्याचा ठोस अर्थ काय, हे मात्र फ्रेडीने कधीच उलगडून सांगितलं नाही. तो ऐकणाऱ्याने आपापला लावायचा, एवढंच त्याने मागे ठेवलं.