फुटबॉलचे रहीम मास्तर

आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापण्याचा परिपाठ आहे. बहुधा ते ज्ञातीतील दानशूराचे, समाजसेवकाचे अथवा संतसत्पुरुषाचे असते. या वर्षी ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे ते सय्यद अब्दुल रहीम ना आपल्या ज्ञातीचे होते, ना आपल्या धर्माचे, ना मराठी भाषिक. ते शाळामास्तर होते, हेच त्यांचे व माझे नाते. हिंदुस्थानच्या फुटबॉल संघाला आशिया खंडात दोन वेळा अग्रस्थानी नेऊन बसविले ते याच मास्तरांनी. हे कार्य ज्ञातीच्या कुंपणात मावणारे नव्हे, म्हणून ज्येष्ठ सभासद या लेखाबद्दल नाराज होणार नाहीत अशी आशा आहे.

आपल्या दुधनीच्या स्टेशनावरून पूर्वेकडे निघालेला रुळ गुलबर्गा, वाडी करीत हैदराबादेस पोहोचतो. हैदराबाद म्हटले की सरहद्दीवरच्या आपल्या वडीलधाऱ्या पिढीला निजामाची राजवट व १९४८ सालचे रझाकारांचे दिवस आठवत, आणि ते साहजिकच होते. परंतु त्याच शहरात त्याच सुमारास एक साधा शिक्षक शाळेची घंटा झाल्यावर मैदानावर मुले गोळा करून चेंडू खेळवीत होता, ही गोष्ट आपल्या बाजूस फारशी कुणाच्या कानी आली नाही.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असता ते तेथील संघातून फुटबॉल खेळले, आणि पदवी मिळाल्यावर शिक्षकाची नोकरी पत्करली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ, दारुल-उल-उलूम व चादरघाट हायस्कूल या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. मध्यंतरी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यामुळे शाळेतील खेळांची जबाबदारी त्यांच्याकडेच येऊ लागली. आपल्याकडे ज्याला गणित-इंग्रजी जमत नाही त्याच्या गळ्यात ड्रिलचा तास बांधण्याची रीत होती. रहीम मास्तरांनी तो तास मागून घेतला, व त्यासाठी स्वतः पुन्हा विद्यार्थी झाले.

पुढे हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद व हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाचे शिक्षकपद त्यांच्याकडे आले. येथे त्यांची पद्धत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती सर्वस्वी वर्गातल्या मास्तराची पद्धत आहे. त्या काळी आपल्याकडील खेळाडूचा मोठेपणा चेंडू एकट्याने किती वेळ पायाशी खेळवतो यावर मोजला जाई. प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देत. रहीम मास्तरांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यात चेंडू घेऊन नाचण्यासच मनाई असे. चेंडू आला की तो तत्काळ सोबत्याकडे द्यावयाचा. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत ज्याचा जो पाय कमजोर, त्याच पायाने खेळावयाचे. ज्याचे शुद्धलेखन कच्चे त्याला दररोज दहा ओळी शुद्धलेखन, इतकाच याचा अर्थ. परंतु साऱ्या देशात असे करून घेणारे मास्तर त्या वेळी किती असतील?

फळ लवकरच दिसले. १९५० सालापासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद पोलिसांच्या संघाने मुंबईची रोव्हर्स करंडक स्पर्धा जिंकली. कूपरेजच्या मैदानावर मुंबईकरांनी ही पाचही वर्षे डोळ्यांनी पाहिली. १९५० साली ड्युरँड करंडकही या संघाने मिळविला. १९५६-५७ व १९५७-५८ या दोन्ही वर्षी संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात हैदराबादने मुंबईलाच हरविले, हे मराठी माणसाने जरा मन मोठे करून वाचावे.

१९५० पासून देशाचा संघही त्यांच्या हाती आला. १९५१ च्या मार्च महिन्यात दिल्लीस पहिले आशियाई सामने भरले. हिंदुस्थानने अंतिम सामन्यात इराणला एका गोलाने हरवून सुवर्णपदक मिळविले. तो गोल मेवालालचा. स्वातंत्र्य मिळून चार वर्षेही झालेली नव्हती, तेव्हा देशभर किती आनंद झाला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १० विरुद्ध १ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते, आणि फिनलंडची ती थंडी, ओली जमीन! दुसरा एखादा असता तर हवेला दोष देऊन मोकळा झाला असता. त्या पराभवानंतर बूट घालून खेळण्याचा नियम देशात सक्तीचा झाला, आणि रहीम मास्तर परदेशातील नवी खेळपद्धती अभ्यासू लागले. १९५३ साली हंगेरीने इंग्लंडला वेम्बलीवर ६ विरुद्ध ३ असे हरविले ते आघाडीच्या मध्य खेळाडूला थोडे मागे ठेवून. प्रतिपक्षाच्या बचावपटूला मग कळेनासे होते की याच्या मागे जावे की आपली जागा धरून राहावे. ही युक्ती रहीम मास्तरांनी आपल्या मुलांना शिकविली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिचा प्रत्यय आला. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४ विरुद्ध २ असे हरविले. त्यात मुंबईच्या टाटा संघाचा गोमंतकीय खेळाडू नेव्हिल डिसोझा याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई होय. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल आपलाच, तोही नेव्हिलचाच. नंतर मात्र आपण ४ विरुद्ध १ असे हरलो, बल्गेरियाविरुद्धही हरलो, व चौथ्या क्रमांकावर राहिलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताला याहून वरचा क्रमांक आजतागायत मिळालेला नाही. त्याच संघात तुळशीदास बलराम नावाचा जेमतेम वीस वर्षांचा मुलगा होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीतील गरिबाघरचा हा पोर रहीम मास्तरांच्या नजरेने हेरलेला. शाळेच्या मैदानाच्या कडेला उभा असलेला मुलगा ओळखणे हा मास्तरकीचा अर्धा भाग आहे, हे माझे मत सेवानिवृत्तीनंतरही बदललेले नाही.

१९६० साली रोम येथे आपण हंगेरीशी २ विरुद्ध १ असे झगडून हरलो, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली व पेरूकडून पराभूत झालो. या संघात रहीम मास्तरांचा स्वतःचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही होता. तो रोमला गेला, परंतु एकाही सामन्यात उतरला नाही. संघशिक्षक बापच होता, हे लक्षात घेतले म्हणजे या एका ओळीचे वजन कळते. पुढे हकीम आंतरराष्ट्रीय पंच झाले. ते २०२१ साली वारले.

आता १९६२ सालच्या जकार्ता येथील आशियाई सामन्यांकडे वळू. रहीम मास्तर त्या वेळी आजारी होते. त्यांना सिगारेटचे व्यसन होते, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरविले. थायलंडला ४ विरुद्ध १ असे हरविले खरे, पण त्यात जर्नेलसिंग जखमी झाला. हा पंजाबचा धिप्पाड बचावपटू, मागच्या फळीचा आधारस्तंभ. त्याच्या डोक्याला टाके पडले. जपानविरुद्धचा सामना त्याच्यावाचून खेळून आपण तो २ विरुद्ध ० असा जिंकला.

उपान्त्य सामन्यास जर्नेलला संघात तर घ्यावयाचे, पण डोक्यास टाके असता मागच्या फळीत उंच चेंडू डोक्याने परतवीत राहणार कसा, हा पेच होता. रहीम मास्तरांनी त्या बचावपटूला थेट आघाडीच्या मध्यभागी उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध आपण ३ विरुद्ध २ असे जिंकलो. त्यातील दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामीचे व एक जर्नेलचा! मागे अरुण घोषसारखा बचावपटू होता, चार जणांची मागची फळी ठाकठीक बसविलेली होती, म्हणूनच मास्तरांना हे धाडस करता आले.

अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशीच. इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांस प्रवेश नाकारला होता, त्यावर आपल्याकडील सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे तेथील जनता भारतीयांवर चिडलेली होती. वकिलातीवर जमाव चालून गेला होता. लाखाच्या घरातील प्रेक्षक आपल्या संघाची हुर्यो उडवीत होते. पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडूंनी मात्र भारताच्या बाजूने आवाज दिला असे सांगतात. आदल्या रात्री रहीम मास्तरांनी मुलांना जवळ बोलावून दुसऱ्या दिवशीचे सुवर्णपदक आपणांस भेट म्हणून मागितले, अशी आठवण त्यांचे शिष्य पुढे सांगत असत. विद्यार्थ्यापुढे हात पसरलेला हा मास्तर डोळ्यांपुढे आला की माझ्याच्याने पुढे लवकर लिहवत नाही.

सतराव्या मिनिटास पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, विसाव्या मिनिटास जर्नेलने दुसरा. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला, परंतु सामना २ विरुद्ध १ असा आपला झाला. त्या संघात मध्यफळीत गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको होता, त्याचाही उल्लेख आपल्या बाजूच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. आशियाई सामन्यांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेवढेच.

जकार्त्याहून परतल्यावर वर्षही उलटले नाही. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रहीम मास्तरांचे निधन झाले. हयातीत त्यांना एकही पद्म किताब मिळाला नाही. क्रीडाशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार निघाला तो १९८५ साली, तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कित्येक घरांतून मुलांनी वडिलांना हे कोण म्हणून विचारले असेल, आणि वडिलांना सांगता आले नसेल.

आपल्या स्मरणिकेच्या मधल्या पानांवर दरवर्षी गुणवंतांची छायाचित्रे असतात. दहावी-बारावीस नव्वद टक्के मिळविलेली, वैद्यकीस व अभियांत्रिकीस गेलेली ती मुले आपल्या सर्वांस भूषणच आहेत. पण तालुक्याच्या मैदानावर पहिला आलेल्या मुलाचे चित्र तेथे कधी दिसत नाही. आडत बाजारातील दुकानदार बाप आणि नोकरदार बाप, दोघांचेही एका गोष्टीवर एकमत असते : खेळाने पोट भरत नाही. ते अगदीच खोटे नाही. रहीम मास्तरांचेही पोट शाळेच्या पगारावर भरले, खेळावर नव्हे. तथापि मंडळाच्या कार्यकारिणीने पुढील वर्षी त्या पानावर एक-दोन चौकटी खेळाडूंसाठी राखाव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे.

आता त्यांच्या शिष्यांविषयी थोडे. पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः देशाच्या संघाचे शिक्षक झाले व २०२० साली निवर्तले. बलराम २०२३ साली गेले. जकार्त्यात टाके घातलेल्या डोक्याने गोल करणाऱ्या जर्नेलसिंगला १९६४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढे तो भारताचा कर्णधार झाला, आणि मैदान सोडल्यावर त्यानेही शिक्षकाची शिट्टी गळ्यात अडकविली. १९७४-७५ च्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात, जालंधर येथे, त्याने तयार केलेल्या पंजाबच्या संघाने बंगालला सहा गोलांनी हरविले. बंगालला एकही गोल करता आला नाही.