बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड : गाणे थांबलेला मठ

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांचे स्मरण करते. २०१२ साली परमगुरुस्वामी बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना धर्मपंडिता म्हणून घोषित केले. हा मान लाभलेल्या त्या चौथ्या स्त्री-संत. त्यांच्या वनौषधींविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. आम्हाला मात्र त्यांच्या आयुष्याचे अखेरचे पर्व अधिक मोलाचे वाटते.

जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या प्रदेशात, एका सरदार घराण्यात १०९८ साली त्यांचा जन्म झाला. बालपणीच त्यांना जुट्टा नामक तपस्विनीच्या स्वाधीन करण्यात आले. १११२ साली त्या दोघी डिसिबोडेनबर्गच्या मठात एकांतवासात राहू लागल्या. जुट्टाने त्यांना स्तोत्रे गाण्यास शिकविले. संगीताचे रीतसर शिक्षण आपल्याला लाभले नाही, असे हिल्डेगार्ड स्वतः सांगत. तरीही ७० हून अधिक भक्तिगीते त्यांच्या नावावर आहेत. शिवाय त्यांनी एक संगीतनाटिकाही रचली. तीत सर्व सद्गुण गातात, सैतान मात्र केवळ ओरडतो. त्याला सूरच नाही! ११५० च्या सुमारास त्यांनी बिंगेनजवळ रुपर्ट्सबर्ग येथे आपल्या भगिनींसाठी स्वतंत्र मठ उभारला.

११७८ साली या मठावर संकट कोसळले. मठाच्या दफनभूमीत एका उमरावाला मूठमाती देण्यात आली होती. तो एकेकाळी धर्मबहिष्कृत होता. परंतु मृत्यूपूर्वी त्याचा ख्रिस्तसभेशी समेट झाला होता व त्याने ख्रिस्तप्रसादही स्वीकारला होता. माइन्झ धर्मप्रांताच्या वरिष्ठांना हे मान्य नव्हते. आर्चबिशप तेव्हा इटलीत होते. प्रेत उकरून बाहेर टाका, असा हुकूम निघाला. ऐंशी वर्षांच्या मठमातेने नकार दिला. परिणामी मठावर उपासनाबंदी लादण्यात आली : मिस्सा नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, गायनही नाही. प्रार्थना म्हणायच्या त्या दारे लावून, हलक्या आवाजात.

भगिनींनी ही बंदी पाळली. २०२० साली आपली चर्च बंद असताना जी पोकळी आपण अनुभवली, तिच्यावरून त्यांच्या वेदनेची थोडीफार कल्पना यावी. मात्र हिल्डेगार्ड गप्प बसल्या नाहीत. माइन्झच्या वरिष्ठांना धाडलेल्या पत्रात त्यांनी संगीताविषयीचे आपले चिंतन मांडले. पापात पडण्यापूर्वी आदामाचा आवाज देवदूतांच्या स्तुतिगानाशी एकरूप होता. पापाने तो स्वर हरपला. पुढे संदेष्ट्यांनी स्तोत्रे रचली, वाद्ये घडविली, ती या हरपलेल्या स्वराची माणसाला आठवण व्हावी म्हणून. मानवाचा आत्माच मुळी सुरेल आहे. म्हणूनच माणूस गाऊ लागला की सैतान अस्वस्थ होतो आणि ते गाणे बंद पाडण्याची खटपट करतो. न्याय्य कारणावाचून जे देवाची स्तुती थांबवितात, त्यांना स्वर्गातील स्तुतिगानात वाटा मिळणार नाही, असा इशाराही त्यांनी दिला. वरिष्ठांना असे बजावण्यास केवढे धैर्य लागले असेल! तेही आज्ञापालनाची चौकट न मोडता.

वरिष्ठ तरीही नमले नाहीत. अखेर प्रकरण इटलीत आर्चबिशपांपर्यंत पोहोचले. साक्षीपुरावे पाहून ११७९ च्या मार्च महिन्यात त्यांनी बंदी उठविण्याचा आदेश दिला. मठात पुन्हा गायन सुरू झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हिल्डेगार्ड प्रभूकडे गेल्या. उमरावाची कबर होती तिथेच राहिली.