एकमेकांशी न पटणारे दोन डबे जिमी हेंड्रिक्सनं जोडले आणि गिटार बोलायला लागली

गॅदरिंगचे दिवस. वर्धा घ्या, हिंगणघाट घ्या, नाहीतर आर्वी. कॉलेजच्या बँडमधल्या एखाद्या पोरानं पैसे साठवून दोन पेडल्स मागवलेली असतात. एक वा-वा, दुसरं फझ. वेगवेगळी वाजवली की दोन्ही झकास. एकत्र चालू केली की वा-वा गप्प होतं, नाहीतर स्पीकरमधून कर्कश शिट्टी सुटते. पोराला वाटतं, दुकानदारानं गंडवलं.

गंडवलेलं नसतं. या दोन डब्यांचं भांडण जवळपास साठ वर्षं जुनं आहे. आणि ही जोडी ज्याच्यामुळं जगभर गाजली तो गडी म्हणजे जिमी हेंड्रिक्स.

२७ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकेतल्या सिएटलमध्ये तो जन्मला. वडील सैन्यात, घरात कायम ओढाताण. पुढं आईवडील वेगळे झाले आणि १९५८ मध्ये आई गेली. त्याच्या आसपासच वडिलांसोबत साफसफाईच्या कामावर गेलेल्या जिमीला भंगारात एक युकुलेले सापडलं. त्याला एकच तार होती. त्या एका तारेवर तो रेडिओवरची गाणी काढायला लागला. मग पाच डॉलरला जुनी गिटार आली.

त्यातही एक अडचण होती. पोरगा डावखुरा आणि गिटार उजव्या हाताची. त्यानं ती उलटी धरली, तारा बदलून लावल्या आणि वाजवत सुटला. आपल्यासाठी न बनलेली वस्तू आपल्या कामाला लावायची, ही सवय तिथूनच लागली.

चोरीच्या गाडीत दोनदा सापडल्यावर तुरुंग की सैन्य असा प्रश्न आला, त्यानं सैन्य निवडलं. १९६१ मध्ये भरती झाला, १९६२ मध्ये बाहेर पडला. त्यानंतरची काही वर्षं त्यानं आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा बड्या कलाकारांच्या मागं उभं राहून गिटार वाजवली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॅफेत तो वाजवत असताना ॲनिमल्स बँडचा चास चँडलर तिथं आला. सप्टेंबर १९६६ मध्ये तो जिमीला घेऊन थेट लंडनला पोचला.

योगायोग बघा, याच सुमारास ते दोन डबे बाजारात येत होते.

पहिला लंडनचा. आर्बिटर कंपनीचा फझ फेस. गोल, थाळीसारखा, आत जेमतेम दोन ट्रान्झिस्टर. गिटारचा सिग्नल तो इतका वाढवतो की आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जातात. गोड सूर फाटका, खरखरीत आणि दांडगा होऊन बाहेर पडतो.

दुसरा कॅलिफोर्नियाचा. थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा इंजिनिअर ॲम्प्लिफायरमधलं महागडं बटण स्वस्तात बसवायचा मार्ग शोधत होता. त्यातून असा सर्किट निघाला की नॉब फिरवला की आवाज तोंड उघडल्या-मिटल्यासारखा बदलायचा. तो सर्किट पायानं दाबायच्या पेडलमध्ये बसवला आणि वा-वा तयार झालं.

१९६७ च्या उन्हाळ्यात जिमीच्या हाती, म्हणजे खरंतर पायाखाली, वा-वा आलं. जुलैमध्येच त्यानं ते रेकॉर्डिंगमध्ये वापरलं. फझ आधीपासून होतंच. आता दोन्ही एका तारेत आली आणि इथंच खरी गोम आहे.

वर्ध्याच्या शेतकऱ्याला ही गोम लगेच कळेल. विहिरीवरची लहान मोटर एक तुषार संच छान चालवते. पण त्याच लाईनला पुढं मोठा पाईप मोकळा सोडला तर पाणी वाहून जातं, दाब राहत नाही आणि तुषार फिरायचे थांबतात.

वा-वा ही ती लहान मोटर. तिचा सिग्नल नाजूक असतो. जुन्या पद्धतीचं फझ म्हणजे मोकळा पाईप. इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत त्याचा इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो, त्यामुळं ते समोरच्याला ओढून घेतं. परिणामी वा-वाची उघडझाप मरते किंवा शिट्टी सुटते.

सोपा उपाय म्हणजे क्रम बदलायचा. आधी फझ, मग वा-वा. भांडण मिटतं, पण आवाजही बदलतो. आधी पूर्ण फाडलेला सूर नंतर गाळला जातो, त्यामुळं विमान डोक्यावरून गेल्यासारखा सपाटा ऐकू येतो. वा-वा आधी असेल तर कुठला सूर किती फाटणार हे पाय ठरवतो आणि गिटार माणसासारखी बोलल्याचा भास होतो.

स्टेजवर जिमीची मांडणी सहसा अवघड बाजूची असायची. गिटार, मग वा-वा, मग फझ आणि शेवटी मार्शलचे भलेमोठे ॲम्प.

त्याच्या मदतीला रॉजर मेयर होता. हा ब्रिटिश नौदलासाठी आवाज आणि कंपनांच्या अभ्यासाचं काम करणारा तरुण तंत्रज्ञ. १९६७ च्या सुरुवातीला दोघांची गाठ पडली. मेयरनं बनवलेला ऑक्टेव्हिया नावाचा डबा पर्पल हेझ या गाण्यात वाजला. शिवाय तो जिमीची पेडल्स उघडून आतले भाग बदलून द्यायचा.

ते गरजेचंही होतं. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असायचे. कंपनी एक, मॉडेल एक, तरी दोन डबे सारखे वाजतीलच असं नाही. त्यात उष्णता वाढली की हे ट्रान्झिस्टर बिथरतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथं असा डबा दुपारी एक आणि रात्री दुसराच आवाज देईल. पुढं सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले आणि हा त्रास कमी झाला.

३ मे १९६८ ला न्यूयॉर्कमध्ये वूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न) रेकॉर्ड झालं. सुरुवातीला तारांवर हात दाबून नुसती वा-वाची खरखर येते आणि मग फाटलेली गिटार कोसळते. आजही वा-वा विकत घेणारा पोरगा बहुतेक वेळा पहिल्यांदा हेच वाजवून बघतो.

१८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकमध्ये त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं. व्हिएतनाममध्ये युद्ध सुरू होतं. एकाही शब्दाविना त्या सुरांतून बॉम्ब, विमानं आणि किंकाळ्या ऐकू आल्या. त्या आवाजामागं गिटार, ॲम्प आणि पायाखालचे हेच डबे होते.

त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, १८ सप्टेंबर १९७० ला, झोपेच्या गोळ्यांमुळं लंडनमध्ये त्याचा जीव गेला. वय २७. लंडनला येऊन चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती. सिएटलजवळच्या रेंटनमध्ये त्याला दफन केलं.

आता गॅदरिंगमधल्या पोराच्या अडचणीकडे. उपाय तीन आहेत. एक, फझ आधी आणि वा-वा नंतर लावा. दोन, वा-वा आधीच हवं असेल तर दोघांच्या मध्ये बफर बसवा. बफर म्हणजे मध्ये टाकी बांधून दुसरी मोटर लावणं, पहिल्या मोटरवरचा भार जातो. तीन, नवीन घेणार असाल तर आउटपुटला बफर असलेलं वा-वा मागा, अशी तयार मिळतात.

मात्र बफर लागला की एक गोष्ट जाते. जुनं फझ थेट गिटारला जोडलेलं असेल तर गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज आपोआप स्वच्छ होतो. मध्ये बफर आला की ही गंमत बरीच कमी होते. म्हणून पैसे घालवण्याआधी दोन्ही क्रम लावून बघा. वायर काढून उलटी जोडायला एक मिनिट लागतं आणि खर्च शून्य.