सर दोराबजी टाटा : खेळाच्या संघटनेला पैसा आणि घडी देणारा माणूस (जीवनपरिचय)



आजचा पाठ एका उद्योगपतीवर आहे, पण सुरुवात आपल्या भागातूनच करू. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांत बुद्धिबळ खेळणारी मुलं कमी नाहीत. अडचण येते ती स्पर्धेच्या वेळी. पट कोणाचे, घड्याळं कोणाची, न्हावऱ्याहून दौंडला जायचं एसटीचं भाडं कोणी द्यायचं? आमच्या शाळेत तीन वर्षं एका पालकांनी हा सगळा खर्च एकट्याने उचलला. चौथ्या वर्षी त्यांचा धंदा बसला आणि आमचं बुद्धिबळही बसलं. पट कपाटात तसेच पडून आहेत. मुलं अधूनमधून विचारतात. तेव्हा मला दोराबजींची गोष्ट आठवते. ती बुद्धिबळाची नाही, ऑलिंपिकची आहे, पण दुखणं तेच आहे.

दोराबजी म्हणजे जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव. जन्म २७ ऑगस्ट १८५९, मुंबई. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दोन वर्षं होते. तिथे क्रिकेट आणि फुटबॉलची गोडी लागली. परत येऊन १८८२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्समधून पदवी घेतली. पुढे दोनेक वर्षं बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात काम केलं आणि मग वडिलांच्या व्यवसायात आले. याच काळात मुंबईतल्या शाळांची क्रीडा संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. म्हणजे शाळाशाळांच्या स्पर्धा भरवणं, वेळापत्रक लावणं, नियम ठरवणं ही कामं त्यांनी स्वतः केलेली होती. पुढच्या गोष्टीत याचा फार उपयोग झाला असं मला वाटतं.

१९०४ साली जमशेटजी गेले. पोलादाचा कारखाना आणि विजेचा प्रकल्प ही वडिलांची स्वप्नं मुलाच्या गळ्यात पडली. १९०७ साली पोलाद कंपनीचे शेअर भारतातच विकायला काढले. लंडनच्या सावकारांनी हात आखडता घेतला होता. पण इथल्या सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांत सगळं भांडवल उभं केलं. हा प्रसंग लक्षात ठेवा. एकाच्या पेटीतून आलेला पैसा आणि हजारोंच्या खिशातून आलेला पैसा यांतला फरक दोराबजींनी तेव्हाच जवळून पाहिला. १९१० साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

आता पुण्याकडे येऊ. १९०६ मध्ये बंडोपंत भाजेकरांनी स्थापन केलेल्या डेक्कन जिमखान्याने १९१९ साली दोराबजींना अध्यक्ष केलं. मैदानी स्पर्धा भरल्या, मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉइड पाहुणे होते. मैदान लहान, जमीन ओबडधोबड, गवताची. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून पळवायचा बेत होता, कारण सरळ पट्टी तेवढी लांब नव्हतीच! पळणारी पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, अनवाणी, साधं खाणारी, प्रशिक्षण असं काही नाही. तरी दोराबजींनी त्यांच्या वेळा पाहिल्या तर त्या युरोपातल्या धावपटूंच्या वेळांच्या फार मागे नव्हत्या.

दुसरा कोणी असता तर बक्षीस देऊन, फोटो काढून घरी गेला असता. दोराबजींनी गव्हर्नरांपुढे विषय काढला की ही मुलं पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला का जाऊ नयेत. सरकारमार्फत ऑलिंपिक समितीकडे खटपट झाली, परवानगी आली. काही खेळाडूंचा खर्च दोराबजींनी स्वतः उचलला, बाकीच्यासाठी समिती नेमून निधी गोळा केला. १९०० साली नॉर्मन प्रिचर्ड पॅरिसला धावला होता, पण भारताचा संघ म्हणून कोणी गेलं ते १९२० सालीच.

संघात कोण होते बघा. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनला उतरला. अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. तो २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचला आणि एकोणिसावा आला. सदाशिव दातार, बंगालचा पूर्मा बॅनर्जी हे धावपटू आणि कुमार नवले, रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. कोल्हापूरचा शिंदे कुस्तीत चौथा आला. एक पायरी कमी पडली. एकही पदक मिळालं नाही. आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगा, कारण पदक नसलेली गोष्ट आपण सांगायचीच विसरतो.

अजून एक गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या शिक्षकाने झाकू नये. अँटवर्पनंतर वर्षभरातच, १९२१ साली, मुळशीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी तो लढवला. ते धरण टाटांच्या वीज कंपनीचं होतं. मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांच्या पोरांचं कौतुक करणारे आणि मुळशीत ज्यांच्या कंपनीपुढे शेतकरी हरले ते, दोन्ही दोराबजीच. मुलं विचारतील, मग ते चांगले की वाईट? मी वर्गात उत्तर देत नाही, दोन्ही गोष्टी फळ्यावर लिहितो.

अँटवर्पहून संघ परतला तेव्हा खरी अडचण सुरू झाली. उत्साह होता, संघटना नव्हती. दर चार वर्षांनी एका श्रीमंत माणसाने खिशात हात घालायचा, आपल्या ओळखीतली पोरं निवडायची, हे किती दिवस चालणार? शिवाय पंजाबातल्या किंवा मद्रासच्या मुलाने पुण्याच्या स्पर्धेत यायचं कसं? दोराबजींनी इथे मद्रासच्या वायएमसीएच्या मंडळींना धरलं. हॅरी बक यांनी तिथे १९२० साली शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं होतं आणि ए. जी. नोहरेन हे क्रीडासंचालक होते. पैसा आणि वजन दोराबजींचं, पायपीट या दोघांची. नोहरेन प्रांताप्रांतांत हिंडले, तिथल्या माणसांना बसवून प्रांतिक संघटना उभ्या केल्या. प्रांतात आधी स्पर्धा, तिथून निवडलेले खेळाडू दिल्लीला, असा क्रम लागला. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा झाल्या आणि त्यांतून पॅरिसचा संघ निघाला.

आता १९२४ सालच लक्षात घ्या. त्याच वर्षी टाटांच्या पोलाद कंपनीकडे कामगारांच्या पगाराला पैसे नव्हते. दोराबजींनी स्वतःची सुमारे एक कोटीची मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिरासुद्धा त्यात गेला. ऑलिंपिकचं सगळं गाडं तेव्हा त्यांच्या एकट्याच्या खिशावर असतं तर? आमच्या त्या पालकांची आठवण मला इथेच येते. धंदा बसला यात त्यांचा काय दोष? चूक आमची, आम्ही दुसरा कोणी शोधलाच नाही.

बुद्धिबळवाल्यांसाठी एक गंमत. त्याच पॅरिसमध्ये, ऑलिंपिक चालू असतानाच, २० जुलै १९२४ रोजी जागतिक बुद्धिबळ संघटना, म्हणजे फिडे, स्थापन झाली. आपला अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ व्हायला मात्र १९५१ उजाडलं.

१९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना रीतसर उभी राहिली. पहिले अध्यक्ष दोराबजी, चिटणीस नोहरेन. आणि लगेच १९२८ मध्ये दोराबजी बाजूला झाले. अध्यक्षपद पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांकडे गेलं, चिटणीसपद लाहोरच्या जी. डी. सोंधींकडे. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमला भारताच्या हॉकी संघाने २९ गोल केले, एकही होऊ दिला नाही आणि सुवर्णपदक आणलं. हॉकीचा महासंघ वेगळा, १९२५ सालचा, त्यामुळे ते श्रेय दोराबजींच्या नावावर लिहू नका. पण तोवर खेळाडूंनी जायला एक दार तयार होतं. खुर्ची इतक्या लवकर सोडणारे संस्थापक आपल्याकडे किती आहेत, हे तुम्हीच आठवून बघा.

१९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी पत्नीच्या नावाने या आजाराच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला आणि मार्च १९३२ मध्ये उरलेली बहुतेक सगळी संपत्ती सर दोराबजी टाटा ट्रस्टला दिली. मग पत्नीच्या समाधीला जायला इंग्लंडकडे निघाले. वाटेत जर्मनीत बाड किसिंगेन इथे ३ जून १९३२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.