सभासदांचे त्रिभुवनदास

‘अमूल’ म्हटले की डॉ. वर्गीस कुरियन यांचे नाव ओठांवर येते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या शेतकऱ्यांच्या बळावर हा डोलारा उभा राहिला, त्यांना संस्थेशी जोडून ठेवण्याचे काम खेडा जिल्ह्यातील एका मितभाषी गांधीवाद्याने केले. त्रिभुवनदास किशीभाई पटेल हे त्यांचे नाव.

२२ ऑक्टोबर १९०३ रोजी जन्मलेल्या त्रिभुवनदासांचे शिक्षण गुजरात विद्यापीठात झाले. महात्मा गांधी आणि सरदार पटेल यांच्या प्रभावाखाली ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३०, १९३५ आणि १९४२ अशा तीन वेळा त्यांनी कारावास भोगला. गावोगावच्या पायपिटीतून शेतकऱ्यांशी जुळलेला स्नेह हीच त्यांची खरी मिळकत होती.

खेडा तेव्हा मुंबई प्रांतात होता. १९४५ मध्ये मुंबई शहराला दूध पुरविण्याची सरकारी योजना सुरू झाली आणि आणंद भागातील दूधखरेदीचा मक्ता पोलसन या खाजगी डेअरीकडे गेला. मुंबईकर दुधाला चांगला दाम मोजत होता, मात्र त्यातला फारच थोडा वाटा म्हैस पाळणाऱ्याच्या पदरी पडे. गाऱ्हाणे सरदारांकडे गेले. त्यांच्या सल्ल्यानुसार मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावी सभा झाली. गावोगाव सहकारी संस्था काढाव्यात आणि सरकारने त्यांचे दूध घेण्यास नकार दिल्यास व्यापाऱ्यालाही दूध घालू नये, असे तेथे ठरले. पुढे पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध ओतून दिले, पण विकले नाही. अखेर सरकार नमले आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. अध्यक्षपदाची धुरा त्रिभुवनदासांकडे आली.

संतापाच्या भरात पंधरा दिवस एकजूट टिकविता येते. ती वर्षानुवर्षे टिकविणे कठीण. उन्हाळ्यात दूध आटले की व्यापारी चार पैसे जास्त देऊ करतो आणि गरजू माणसाचे मन डळमळते. अशा वेळी सभासदाने संस्थेशी इमान राखावे ते कशासाठी? त्रिभुवनदासांनी यावर प्रवचने झोडली नाहीत. संस्थेच्या रोजच्या व्यवहारातच त्याचे उत्तर दिसेल, अशी घडी त्यांनी बसविली.

गावच्या संस्थेत सर्वांदेखत दूध मोजले जाई, त्यातील स्निग्धांश तपासला जाई आणि त्यानुसार दर मिळे. सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी, तर संध्याकाळच्या दुधाचे दुसऱ्या दिवशी सकाळी हाती पडत. वर्षअखेरीस नफ्याचा वाटा घातलेल्या दुधाच्या प्रमाणात मिळे. एक म्हैस असणाऱ्यालाही एकच मत आणि दहा म्हशींच्या धन्यालाही एकच. रांगेत जो आधी येईल तो आधी. तेथे जात विचारली जात नसे. ज्यांना गावात कोणी मोजत नव्हते, त्यांचे नाव रोज वहीत लिहिले जाऊ लागले. मानाची ही नोंद अनेकांना पैशाइतकीच मोलाची वाटली असल्यास नवल नाही.

इमान मात्र दोन्ही बाजूंनी राखावे लागते. हिवाळ्यात दूध वाढे आणि मुंबईची योजना ते सारे घेत नसे. सभासदाचे दूध परत पाठविणे म्हणजे त्याला पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात उभे करणे होते. १९४९ मध्ये आणंदच्या सरकारी संशोधन केंद्रात आलेले कुरियन नोकरी सोडून निघण्याच्या बेतात असताना त्रिभुवनदासांनी त्यांना थांबवून घेतले. पुढे हरिचंद दलाया यांच्या तंत्रज्ञानामुळे म्हशीच्या दुधाची भुकटी करणे साधले. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि जादा दुधाला वाट मिळाली. फिरते पशुवैद्य, कृत्रिम रेतन, पशुखाद्य अशा सोयीही संघाने सभासदाच्या गोठ्यापर्यंत नेल्या.

कारभार तज्ज्ञांकडे सोपवून त्यांना राजकीय हस्तक्षेपापासून जपणे आणि स्वतः गावोगाव हिंडून सभासदांचे ऐकून घेणे, अशी त्रिभुवनदासांची कामाची वाटणी होती. स्वतः काँग्रेसचे नेते आणि राज्यसभेचे सदस्य असूनही त्यांनी ती मोडली नाही. १९६३ मध्ये कुरियन व दारा खुरोडी यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर १९६४ मध्ये पद्मभूषण.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते स्वेच्छेने अध्यक्षपदावरून दूर झाले. सहकारात खुर्ची सोडणारे विरळाच. निरोपादाखल सभासदांनी प्रत्येकी एक रुपया काढून त्यांना थैली अर्पण केली. तो पैसा त्यांनी घरी नेला नाही. १९७५ मध्ये त्यातून त्रिभुवनदास प्रतिष्ठान उभे राहिले आणि खेड्यांतील माता व बालकांच्या आरोग्याचे काम सुरू झाले. सभासदांचा रुपया पुन्हा सभासदांच्याच घरी गेला.

३ जून १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. २०२५ मध्ये संसदेने आणंद येथील सहकारी विद्यापीठाला त्रिभुवनदासांचे नाव देणारा कायदा संमत केला. तेथे शिकणाऱ्यांनी आणि निवडणुकीपुरती सभासदांची आठवण काढणाऱ्या संचालकांनीही त्या रुपयाचा हिशेब एकदा मांडून पाहावा.